उंचावरच्या थंड शेतांसाठी सकस मका: पुण्यातून सुरुवात कशी करावी

कृषी महाविद्यालयात शिकणारी मुलं-मुली, शेतकरी उत्पादक कंपन्यांत काम करणारे तरुण आणि निवृत्तीनंतर थोड्या जमिनीवर काही खरं काम करू पाहणारी मंडळी, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. वनस्पती पैदाशीचं पुस्तक वाचलेलं असेल तर उत्तमच, नसेल तरी अडत नाही. उष्ण कटिबंधातल्या उंच, थंड प्रदेशात पिकेल आणि ज्यातलं प्रथिन माणसाच्या अंगी लागेल असा मका तयार करायला पुण्यात बसून काय करता येतं, आणि कुठल्या टप्प्यावर पुणे सोडून डोंगर चढावाच लागतो, हे इथे सांगतो.

हे काम कशासाठी, ते आधी. इथिओपिया आणि केनियाची पठारं, मेक्सिकोचा मध्य भाग, अँडीजच्या उतारावरची गावं अशा ठिकाणी बऱ्याच घरांत मका हेच रोजचं जेवण आहे. आपल्याकडे महाराष्ट्रातला बहुतेक मका कोंबडीखाद्य आणि स्टार्च-इथेनॉलच्या कारखान्यांकडे जातो. सातपुड्यातल्या गावांत मात्र मक्याची भाकरी अजून ताटात असते. जिथे दूध, डाळ, अंडी कमी आणि मकाच मका, तिथे दूध सुटलेलं मूल मक्याच्या पेजेवर वाढतं. त्या पेजेत प्रथिन असतं, पण त्यातलं बरंचसं शरीराला वापरताच येत नाही. हे बियाण्यातूनच सुधारता येतं, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं.

पायरी पहिली: नेमकं काय वाढवायचं ते समजून घ्या

नवखे लोक ‘जास्त प्रथिनांचा मका’ शोधायला निघतात आणि तिथेच वाट चुकतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १८९६ पासून मक्यातलं प्रथिन वाढवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड केली गेली. दाण्यातलं प्रथिन २५ टक्क्यांच्याही पुढे गेलं. पण वाढ झाली ती मुख्यतः झेइन नावाच्या प्रथिनाची, आणि झेइनमध्ये लायसिन व ट्रिप्टोफॅन ही दोन आवश्यक अमिनो आम्लं जवळजवळ नसतातच. उत्पादन घटलं ते वेगळंच.

साध्या मक्यात प्रथिन साधारण ८ ते ११ टक्के असतं. तुम्ही जो मका घडवणार आहात त्यातही ते जवळपास तेवढंच राहील. बदलेल ती त्याची घडण. साध्या मक्याच्या प्रथिनात लायसिन २ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. ते ४ टक्क्यांकडे न्यायचं, आणि ट्रिप्टोफॅन दुपटीच्या आसपास करायचं. प्रथिनाचं जैविक मूल्य, म्हणजे त्यातलं किती अंगी लागतं ते, साध्या मक्यात ४० ते ५७ टक्के मोजलं गेलं आहे, या मक्यात ते ८० च्या घरात जातं. अशा मक्याला जगभर क्यूपीएम (क्वालिटी प्रोटीन मेझ) म्हणतात. आपणही तेच नाव वापरू.

याची किल्ली ‘ओपेक-२’ या जनुकात आहे. पर्ड्यू विद्यापीठात एडविन मर्ट्झ, ऑलिव्हर नेल्सन आणि लिन बेट्स यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं, की या जनुकाचं अप्रभावी (एकटं असेल तर दबून राहणारं) रूप आई आणि बाप दोन्ही बाजूंनी आलं तर झेइन घटतं आणि लायसिन-ट्रिप्टोफॅन वाढतं. जगभर आनंद झाला, पण तो टिकला नाही. दाणा खडूसारखा पांढरा, मऊ आणि हलका झाला. वजन कमी भरायचं, कणीस उशिरा वाळायचं, बुरशी लवकर लागायची, कोठारात सोंडे तुटून पडायचे. भारतात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेले शक्ती, रतन, प्रोटिना हे वाण याच कारणाने शेतकऱ्यांनी बाजूला ठेवले. शेतकऱ्याचं बरोबरच होतं.

पुढची वाट मेक्सिकोतल्या सिमिट या आंतरराष्ट्रीय संस्थेत निघाली. अमृतसरमध्ये जन्मलेले सुरिंदर वासल आणि मेक्सिकोच्या जैवरसायनशास्त्रज्ञ इव्हांजेलिना व्हिलेगास यांनी वर्षानुवर्षं एकत्र काम केलं. ओपेक-२ तसाच ठेवून दाणा पुन्हा टणक करणारी सहायक जनुकं त्यांनी हळूहळू गोळा केली. वासल शेतात निवड करायचे, व्हिलेगास यांची प्रयोगशाळा प्रथिनाचा दर्जा तपासायची. २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार दोघांना मिळून मिळाला.

यातून तुमच्यासाठी तीन कामं निघतात. एक, ओपेक-२ दोन्ही प्रतींत पक्का करणं. दोन, दाणा टणक ठेवणारी अनेक छोटी जनुकं जमवणं. तीन, ज्या वेगळ्या जनुकांमुळे त्याच ओपेक-२ मक्यात लायसिन कमी-जास्त होतं, त्यांची योग्य बाजू धरणं. पहिलं काम एका जनुकाचं आहे, ते वर्षभरात हाती येतं. दुसरं आणि तिसरं पिढ्यांचं काम आहे. त्यात उंचीवरच्या थंडीला टिकण्याची भर पडते.

पायरी दुसरी: उंची म्हणजे काय, आणि पुणे त्यात कुठे बसतं

मक्याच्या पैदाशीत उष्ण कटिबंधीय उंच प्रदेश म्हणजे साधारण १,८०० मीटरच्या वरचा. पुणे ५६० मीटरवर आहे. महाबळेश्वरचं पठार १,३५० मीटरच्या आसपास, तेही या व्याख्येत बसत नाही. भारतात खरी उष्ण कटिबंधीय उंची हवी तर निलगिरीत किंवा पळणीच्या डोंगरात, उटी-कोडाईकनालच्या आसपास जावं लागतं. हिमालयातली शेतं उंच आहेत, पण तिथला दिवस-रात्रीचा मेळ आणि हिवाळा वेगळा. तिथे निवडलेला मका विषुववृत्ताजवळच्या पठारावर चालेलच असं नाही.

फरक किती पडतो याचा हिशेब करा. दर १,००० मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पुण्याहून २,२०० मीटरवर गेलात तर जवळपास १० अंश कमी. मक्याची वाढ १० अंशांच्या वरच्या उष्णतेवर मोजायची ढोबळ पद्धत आहे. खरिपात पुण्याचं सरासरी तापमान २५ धरलं तर रोज १५ अंश-दिवस जमतात, आणि १०० दिवसांच्या वाणाला १,५०० लागतात. डोंगरावर सरासरी १६ असेल तर रोज ६ च जमतील, म्हणजे त्याच वाणाला २५० दिवस. तोवर हंगाम संपतो, काही ठिकाणी दव गोठतं. म्हणून सखल भागातला उत्तम संकरित मका उंचावर नेला की तो पिवळा-जांभळा होऊन उभा राहतो आणि दाणा भरायच्या आत वेळ निघून जाते.

उलटही तितकंच खरं आहे. उंचावरचा मका पुण्यात आणला तर तो घाईघाईने वाढतो, लवकर तुरा टाकतो, तांबेरा आणि करप्याने पानं जातात, आणि उन्हाळ्यात तर परागच मरतो. असा मका पुण्यात खुजा, रोगट दिसला म्हणून टाकून देऊ नका. तो त्याच्या घरी कसा दिसतो ते पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल काहीही ठरवता येत नाही.

तर कामाची वाटणी अशी करा: संकर, स्वपरागीकरण (झाडाचा पराग त्याच्याच कणसावर टाकणं), दाण्याची तपासणी, प्रयोगशाळा आणि बियाणं वाढवणं पुण्यात, रोग, थंडी, पक्वता आणि उत्पादनाची निवड उंचावर. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतल्या गार रात्री पाहून ‘हीच थंडी चालेल’ असं वाटतं. पण तेव्हा इथे दुपारी २८-३० अंश असतात, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. डोंगरावर मका ढगाखाली, ओलसर गारव्यात पूर्ण आयुष्य काढतो.

पायरी तिसरी: आई-बाप निवडा

एक बाजू सकसपणाची. भारतात यासाठी चांगली सामग्री आहे. हरियाणा कृषी विद्यापीठाच्या कर्नाल केंद्रातून आलेला एचक्यूपीएम-१ (२००५), आणि त्यानंतरचे एचक्यूपीएम-५ व ७ हे संकर ज्या इनब्रेड (स्वपरागीकरणाने एकसारखे केलेल्या) वंशांवर उभे आहेत ते सिमिटच्या सीएमएल-१६१, १६३ आणि १९३ या वंशांतून घडवलेले आहेत. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेने डोंगरी भागासाठी विवेक क्यूपीएम-९ दिला. विवेक हायब्रीड-९ चे आई-बाप डीएनए मार्करच्या (हवं ते जनुक रोपात आहे का ते दाखवणाऱ्या खुणेच्या) मदतीने बदलून तो केला आहे. तुमचं ध्येय डोंगर असेल तर या कामाचा अभ्यास सर्वांत आधी करा.

दुसरी बाजू उंचीची. इथे केनियाची गोष्ट नव्या माणसाने लक्षात ठेवावी. तिथल्या किटाले केंद्रात, जवळपास १,९०० मीटरवर, स्थानिक ‘किटाले सिंथेटिक-२’ चा संकर इक्वेडोरच्या डोंगरातून आलेल्या ‘इक्वेडोर-५७३’ शी केला गेला आणि १९६४ मध्ये एच-६११ हा संकर बाहेर पडला. दोन खंडांतल्या डोंगरी मक्यांचा मेळ इतका जमला, की पूर्व आफ्रिकेच्या उंच भागातल्या पैदाशीत या दोन कुळांची जोडी पुढे कितीतरी वर्षं वापरली गेली. इथिओपियात लोकप्रिय झालेल्या बीएच-६६० या संकराचीच पुढे सकस आवृत्ती करण्यात आली आणि एएमएच-७६०क्यू या नावाने ती तिथल्या उंच भागासाठी दिली गेली. म्हणजे तुम्ही करणार आहात तसलं काम झालेलं आहे, शेतापर्यंत पोचलेलं आहे.

बियाणं मागवताना रीतसर मार्ग धरा. देशातल्या वंशांसाठी लुधियानाच्या भारतीय मका संशोधन संस्थेला किंवा आपल्याकडे कोल्हापूरच्या अखिल भारतीय समन्वित मका प्रकल्पाच्या केंद्राला लिहा. परदेशी बियाणं हवं असेल तर सामग्री हस्तांतरणाचा करार आणि दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फत विलगीकरण तपासणी लागतेच. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या नावाने करा. कोणी खिशातून आणलेलं परदेशी बियाणं घेऊ नका, त्यातून नवा रोग देशात येऊ शकतो.

पैदाशीच्या दोन वाटा आहेत. पहिली, सकस आणि डोंगराला रुळलेला वंश मिळाला तर सकस मक्याला सकस मक्याशीच जोडायचं. दोन्ही बाजूंनी ओपेक-२ असल्याने पुढच्या प्रत्येक दाण्यात तो असणारच, आणि सगळं लक्ष टणकपणा, रोग आणि उत्पादनावर देता येतं. नवख्याला मी हीच वाट सुचवतो. दुसरी, साधा पण डोंगरावर पक्का ठरलेला वंश घेऊन त्यात ओपेक-२ उतरवायचा. सकस दात्याशी संकर, मग आलेल्या झाडांचा त्याच डोंगरी वंशाशी दोन-तीन वेळा पुन्हा संकर, म्हणजे बॅकक्रॉस, शेवटी स्वपरागीकरण. यात अडचण अशी की ओपेक-२ अप्रभावी आहे, बॅकक्रॉसच्या पिढीत तो दिसत नाही. मार्कर नसेल तर प्रत्येक बॅकक्रॉसनंतर एक पिढी स्वपरागित करून दाणे तपासावे लागतात, म्हणजे वेळ दुप्पट.

पायरी चौथी: पुण्यातलं संकराचं रान

मध्यम खोलीची, निचऱ्याची जमीन घ्या. ओळीत ७५ सेंटिमीटर, दोन झाडांत २० सेंटिमीटर. खतासाठी आधी मातीपरीक्षण करा. जस्ताची कमतरता आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत सर्रास दिसते, तेव्हा झिंक सल्फेट विसरू नका. २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी देशात आहे, आणि संशोधनाच्या रानात एकेक झाड मोलाचं असतं. उगवणीनंतर आठवड्यातून दोनदा पोंग्यात, म्हणजे वरच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, डोकावा.

संकरासाठी हंगाम कोणता? खरिपात पेरलं तर फुलोरा ऑगस्टमध्ये येतो, आणि पुण्याची ती बारीक, न थांबणारी भुरभुर पिशव्या भिजवते, परागाच्या गुठळ्या होतात. उन्हाळी पेरलं तर मार्चअखेर-एप्रिलच्या उन्हात पराग टिकत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेरा. जानेवारीत फुलोरा येतो, सकाळ कोरडी असते, काम निवांत होतं. खरीप फक्त एक पिढी पुढे नेण्यासाठी वापरा. डोंगरी आणि सखल आई-बापांचा फुलोरा एका वेळी येत नाही, म्हणून एकच वंश आठवडा-आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा पेरा.

आता हाताने परागीकरण. हे एकदा कोणाच्या शेजारी उभं राहून शिकलं की आयुष्यभर विसरत नाही. साहित्य साधं आहे: कणसासाठी बटर पेपरच्या लहान पिशव्या, तुऱ्यासाठी जाड तपकिरी कागदाच्या मोठ्या पिशव्या, स्टेपलर, कात्री, न पुसणारा मार्कर पेन. पिशव्या रविवार पेठेत बोहरी आळीला घाऊक मिळतील, फक्त त्या पाण्याने सुटणाऱ्या डिंकाने चिकटवलेल्या नसाव्यात.

कणसाचा कोंब पानाच्या बगलेतून डोकावला, की मिशा (कणसाचे रेशमी धागे) बाहेर येण्याआधीच त्याच्यावर बटर पेपरची पिशवी चढवा. एकही मिशी बाहेर दिसली असेल तर ते कणीस सोडून द्या, कारण त्यावर कुठला पराग बसला ते कळायचा मार्ग नाही. मिशा पिशवीत दिसू लागल्या, की त्या दिवशी संध्याकाळी कोंबाचं टोक सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कापा आणि पिशवी परत लावा. रात्रीत सगळ्या मिशा ब्रशसारख्या एकसमान वाढतात. त्याच संध्याकाळी बाप झाडाच्या तुऱ्यावर तपकिरी पिशवी बांधा. रात्रभरात बाहेरून आलेला जुना पराग मरतो. दुसऱ्या दिवशी दव वाळल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, तुरा वाकवून पिशवीतच झटका, पिवळा ताजा पराग गोळा करा, मिशांवर ओता आणि तीच पिशवी कणसावर बांधून टाका. पिशवीवर आई, बाप आणि तारीख लिहा. त्याच झाडाचा पराग असेल तर स्वपरागीकरणाची खूण करा. पिशवी फाटली तरी नोंद राहावी म्हणून तेच वहीत लिहा. हात दर झाडानंतर पुसा.

पुण्याच्या आसपास दुग्धव्यवसायासाठी आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा उंच मका बाराही महिने कुठे ना कुठे उभा असतो, मंचर-जुन्नरकडे स्वीटकॉर्नही भरपूर. त्यांच्या परागात ओपेक-२ चं प्रभावी रूप आहे. असा एक कण तुमच्या सकस कणसावर बसला, तर तो दाणा साधा होतो, त्याच हंगामात, त्याच कणसावर. पिशवीत केलेल्या संकराला याचा धोका नाही. पण उघड्या परागाने बियाणं वाढवायची वेळ येईल तेव्हा ४०० मीटर अंतर ठेवा, किंवा शेजाऱ्याच्या फुलोऱ्यापासून तीन-चार आठवड्यांचा फरक पडेल अशी पेरणी करा. शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पायरी पाचवी: उजेडाची पेटी

संपूर्ण पैदाशीतलं सर्वांत सुंदर काम हे आहे, असं मला मनापासून वाटतं. लाकडी किंवा पत्र्याची उथळ पेटी, आत पांढरा एलईडी, वर दुधी काच. बुधवार पेठेत पॅनेल घेऊन कुठल्याही सुताराकडून करून घेता येते. वाळलेले दाणे अंकुराची बाजू खाली करून काचेवर पसरा आणि खोली अंधारी करा.

टणक, काचेसारख्या भागातून उजेड आरपार येतो, पिठाळ भाग काळपट दिसतो. दाण्यांना १ ते ५ अशी श्रेणी देतात: १ म्हणजे पूर्ण पारदर्शक, २ म्हणजे पाव भाग पिठाळ, ३ म्हणजे अर्धा, ४ म्हणजे पाऊण, ५ म्हणजे पूर्ण पिठाळ.

आता निवड. साधा आणि सकस अशा संकराचं दुसऱ्या पिढीतलं कणीस असेल, तर चौथाई दाणे ओपेक-२ चे, बाकी तीन भाग साधे. श्रेणी १ चा दाणा पाहून हात तिकडे जातो, तो आवरा. तो बहुधा साधा मकाच आहे. श्रेणी २ आणि ३ घ्या: थोडा पिठाळपणा हीच ओपेक-२ असल्याची खूण, आणि बाकीचा टणक भाग म्हणजे सहायक जनुकं कामाला लागल्याची. ४ आणि ५ मध्ये ओपेक-२ आहे, पण टणकपणा नाही. तीनशे-चारशे दाण्यांच्या कणसातून उपयोगाचे दाणे मूठभरच निघतील. म्हणून प्रत्येक पिढीत भरपूर कणसं हवीत.

सकस आणि सकस असा संकर असेल तर १ आणि २ निर्धास्त निवडा, ओपेक-२ सगळ्यांत आहेच.

पिढ्या पुढे गेल्या की एक अडचण येते. निवड चांगली झाली तर सकस दाणेही पूर्ण पारदर्शक होतात, आणि मग पेटीवर ते साध्या दाण्यांपासून ओळखू येत नाहीत. बाहेरचा पराग शिरला तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. टणकपणा जितका साधेल, तितकी प्रयोगशाळेची गरज वाढते. ‘आता दाणा छान झाला’ असं म्हणून तपासणी बंद केली, की दोन-तीन पिढ्यांत सकसपणा निघून जातो आणि हाती साधा मका उरतो.

टणकपणावर हवामानाचाही परिणाम होतो. पुण्यात २ दिसणारा वंश डोंगरावर ३ किंवा ४ दिसू शकतो. तिथे पिकलेले दाणेही पेटीवर घ्या आणि दोन्ही ठिकाणी टिकतील तेच वंश पुढे न्या.

पायरी सहावी: प्रयोगशाळा आणि मार्कर

दोन्ही अमिनो आम्लं मोजायची गरज नाही. या मक्याच्या प्रथिनात लायसिन हे ट्रिप्टोफॅनच्या साधारण चौपट असतं, म्हणून एकटं ट्रिप्टोफॅन मोजलं तरी निवड होते. पद्धत महाविद्यालयाच्या जैवरसायन प्रयोगशाळेत होण्यासारखी आहे: वीस-तीस दाणे दळायचे, हेक्झेनने तेल काढायचं, पपेनने (पपईतल्या विकराने) प्रथिन रात्रभर पचवायचं, ग्लायऑक्झिलिक आम्ल व गंधकाम्लाने येणारा रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५६० नॅनोमीटरला वाचायचा. गंधकाम्ल आहे, तेव्हा शिकलेल्या माणसाच्या देखरेखीतच करा.

सोबत जेल्डाल पद्धतीने नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणा, प्रथिन मिळेल. मग ट्रिप्टोफॅनला प्रथिनाने भागून टक्केवारी काढा. हा भागाकार महत्त्वाचा आहे. ज्या झाडाला युरिया जास्त मिळाला त्याच्या दाण्यात प्रथिन जास्त असतं, आणि नुसतं ट्रिप्टोफॅन पाहिलं तर तोच वंश पुढे गेल्यासारखा दिसतो. अख्ख्या दाण्याच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन ०.७ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असलं की समाधान माना. प्रत्येक तुकडीत एक ओळखीचा सकस आणि एक ओळखीचा साधा नमुना घालाच, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही.

मार्करबद्दल थोडक्यात. ओपेक-२ जनुकाच्या आतच बसणारे यूएमसी-१०६६ आणि पीएचआय-०५७ हे मार्कर एका पानाच्या तुकड्यावरून सांगतात की रोपात जनुकाच्या किती प्रती आहेत. बॅकक्रॉसच्या वाटेवर असाल तर खर्च करा, फुलोऱ्याआधीच निम्मी रोपं बाजूला काढता येतात. आधी तुमच्या दोन्ही पालकांत तो मार्कर फरक दाखवतो का ते मात्र तपासा. टणकपणासाठी असा एकच भरवशाचा मार्कर नाही, तिथे पेटीच खरी.

पायरी सातवी: डोंगरावरची निवड

तिसऱ्या-चौथ्या पिढीपासून कणसाला एक ओळ याप्रमाणे प्रत्येक वंश दोन ठिकाणी पेरा. थोडं बियाणं पुण्यात राखून, बाकी १,८०० मीटरच्या वरच्या एखाद्या संस्थेच्या किंवा शेतकऱ्याच्या रानात. तिथे कोणीतरी विश्वासू माणूस हवा, जो हंगामभर नोंदी ठेवेल. तो नसेल तर हे काम सुरूच करू नका.

रोगांचं सावट तिथे रोजचं. गारवा आणि ओल यांत पानावरचा टर्सिकम करपा, लांबट राखाडी-तपकिरी चट्टे पाडणारा, सर्वांत घातक. त्याखालोखाल तांबेरा. निसर्गावर सोडलं तर एखाद्या वर्षी रोग येतच नाही आणि सगळेच वंश चांगले दिसतात. म्हणून आदल्या हंगामातली करपाग्रस्त पानं वाळवून, चुरून ठेवा आणि झाड सहा-आठ पानांचं झालं की पोंग्यात चिमूटभर टाका. ही लागण डोंगरावरच्या चाचणीच्या रानातच करा. पुण्यातल्या बीजोत्पादनाच्या तुकड्याजवळ तो चुरा नेऊ नका, आणि शेजारच्या शेतकऱ्याचं रान लागून असेल तर तिथेही टाळा.

पण सकस मक्यासाठी मी सर्वांत जास्त लक्ष कणीस कुजीवर देईन. मऊ दाण्यावर फ्युजेरियम बुरशी लवकर बसते, डोंगरावर पीक पिकताना पाऊस असतो, आणि ती बुरशी विषारी द्रव्यं तयार करते. पोरांच्या तोंडी सकस म्हणून जाणाऱ्या धान्यात विष असणं हे सहन करण्यासारखं नाही. प्रत्येक ओळीतली सगळी कणसं सोलून पाहा, नुसती वरची चार नव्हे. सालं कणसाच्या टोकापर्यंत घट्ट मिटलेली असावीत. टोक उघडं राहिलं तर पाणी आत जातं. पक्व झाल्यावर कणीस खाली झुकणारं असेल तर आणखी चांगलं.

याशिवाय पाहायचं: थंडीत रोप किती जोमाने उठतं, पानं जांभळी पडून पुन्हा हिरवी होतात की तशीच राहतात, तुरा आणि मिशा यांत किती दिवसांचं अंतर पडतं, वाऱ्यात झाड लोळतं का, आणि दाण्याच्या बुडाशी काळा थर कधी येतो. तो थर आला की दाणा पक्व. तो हंगाम संपायच्या आत यायलाच हवा.

पायरी आठवी: संकर, चाचण्या, बियाणं

पाच-सहा पिढ्यांच्या स्वपरागीकरणानंतर वंश एकसारखे होतात. वर्षाला दोन हंगाम धरले तर तीन वर्षं. मग वेगवेगळ्या कुळांतले वंश एकमेकांशी जोडून कोणती जोडी डोंगरावर चांगली येते ते पाहा. संकरित वाणासाठी आई आणि बाप दोन्ही सकस असलेच पाहिजेत. शेतकऱ्याच्या रानातले दाणे ही पुढची पिढी असते, एक बाजू साधी असेल तर त्यातले तीन चतुर्थांश दाणे साधेच निघतील. जिथे शेतकरी दरवर्षी बियाणं विकत घेऊ शकत नाहीत, तिथे संकरापेक्षा सकस वंशांची मिश्र जात, म्हणजे संयुक्त वाण, जास्त उपयोगी पडतो. दुर्गम डोंगरी गावांसाठी माझा कल तिकडेच आहे.

समन्वित मका प्रकल्पाच्या चाचण्यांतून वाण पुढे नेता येतो. हा प्रकल्प १९५७ पासून चालू आहे आणि डोंगरी विभागाच्या चाचण्या त्यात स्वतंत्र होतात. किमान तीन वर्षं त्यात जातात. सुरुवातीपासून धरलं तर आठ-दहा वर्षांचं काम आहे, त्यामुळे सोबत एखादा तरुण जोडीदार घ्या आणि नोंदवह्या त्याला वाचता येतील अशा ठेवा.

वाण शेतकऱ्याच्या हाती जाताना त्याला तीन गोष्टी समजावून द्या. बियाण्यासाठीची कणसं रानाच्या मधल्या भागातून घ्यायची, कडेच्या ओळींतली नाहीत, कारण शेजारचा पराग कडेलाच जास्त पडतो. बियाणं किमान दोनशे-तीनशे कणसांतून मिसळून ठेवायचं, चार उत्तम कणसांतून नाही, नाहीतर पुढे झाडं खुजी होत जातात. आणि दाणा १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच हवाबंद डब्यात भरायचा. सकस मका साध्यापेक्षा सावकाश वाळतो, म्हणून साधा मका भरून झाला तरी याला आणखी काही दिवस ऊन द्यावं लागतं. दर तीन वर्षांनी गावातल्या बियाण्याचा एक नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत मागवा. ट्रिप्टोफॅन उतरलेलं दिसलं तर त्या गावाला मूळ बियाणं नव्याने पाठवा.